दोन सेकंदांचा तंबू आणि दहा तासांची रात्र

नाताळची सुट्टी जवळ आली की मुलुंड-घाटकोपरकडच्या घरांतून भंडारदऱ्याचे बेत शिजू लागतात. मुलुंडची मंडळी चेकनाका ओलांडून ठाण्याच्या बाजूने निघतात, अंधेरी-बोरिवलीची मंडळी घोडबंदरच्या रस्त्याने येतात, आणि नाशिकच्या महामार्गाला लागून कसारा घाट, इगतपुरी, घोटी असे करीत सारे जण आर्थर तलावाच्या परिसरात पोचतात. अलीकडे गाडीत भरायच्या सामानात एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे घरचा तंबू. जाहिरातीत तुम्ही पाहिलेच असेल: एक गृहस्थ चकतीसारखी चपटी पिशवी उघडतात, आतली वस्तू हवेत भिरकावतात, आणि ती जमिनीवर येईपर्यंत तिचा चक्क तंबू झालेला असतो!

समजा, तुमच्या घरी असा तंबू घ्यायचे घाटत आहे आणि बाबांनी तुम्हांला विचारले, "काय रे, तुझे विज्ञान काय सांगते? हाच घ्यावा का?" तर तुम्ही काय उत्तर द्याल? तंबू उभारण्यात दोन सेकंद जातात की दहा मिनिटे, हे महत्त्वाचे आहेच. पण त्यानंतर आई, बाबा, आजी आणि तुम्ही असे चौघे जण त्या कापडाखाली जवळजवळ दहा तास काढणार आहात. म्हणून प्रश्नाचे दोन्ही भाग नीट तपासून पाहू या.

तंबू लवकर उभा राहावा ही हौस काही आजची नाही. मोगल बादशहाचा मुक्काम हलत असे तेव्हा एका मुक्कामाच्या तंबूंसाठी १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाड्या लागत, असे अबुल फजलने 'ऐने अकबरी'त नोंदविले आहे. एवढा पसारा झटपट उभा कसा राहणार? त्यावर तोडगा असा, की तंबूंचे दोन संच ठेवायचे. बादशहा एका संचात झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना व्हायचा. या पुढे जाणाऱ्या संचाला पेशखाना म्हणत. पेशवाईतही तंबू, कनाती, बिछायती सांभाळणारे खातेच असे. पुण्याच्या फरासखान्याचे नाव त्यावरूनच पडले आहे. आपल्याजवळ हत्ती नाहीत, तेव्हा आपल्याला पदार्थविज्ञानाची मदत घेतली पाहिजे.

बालवीरांच्या शिबिरातला दोन खांबी तंबू तुमच्यापैकी काहींनी उभारला असेल. त्याला वेळ का लागतो? त्यातील खांब स्वतःच्या पायावर उभे राहत नाहीत. चारी बाजूंच्या दोऱ्यांचा ताण सारखा झाला तरच ते तोल धरतात. आणि एक दोरी ताणली की दुसरी सैल पडते. नव्या तंबूंत ही कटकट टाळली आहे, कारण त्यांचा सांगाडा लवचिक असून कापडाचा आणि त्याचा ताण आपसांतच तोलला जातो. मेखा न ठोकताही ते उभे राहतात. (ही सोय पुढे कशी घात करते ते पाहूच.)

आता हवेत फेकायच्या तंबूकडे वळू. त्याच्या कापडात पोलादाची किंवा काचतंतूंची लवचिक कडी शिवलेली असतात. तंबूची घडी घालताना आपण ही कडी जबरदस्तीने वाकवतो. त्यासाठी केलेले कार्य स्थितिज ऊर्जेच्या रूपाने कड्यांत साठून राहते आणि पट्टा सोडताच बाहेर पडते. घड्याळाला किल्ली देण्यासारखाच हा प्रकार आहे. म्हणजे तंबू 'आपोआप' उभा राहत नाही. त्याची मजुरी तुम्ही आदल्या खेपेस घडी घालतानाच भरलेली असते. २००५ साली डेकॅथलॉन या फ्रेंच कंपनीने 'दोन सेकंद' याच नावाने असा तंबू बाजारात आणला. मात्र उघडायचे दोन सेकंद म्हणजे मिटायचेही दोन सेकंद, असे कोणी समजू नये. घडी घालण्याची युक्ती ठाऊक नसेल, तर रविवारी दुपारी तलावाकाठी एक घामाघूम कुटुंब आणि एक अजिंक्य तंबू यांची कुस्ती इतरांना फुकट पाहावयास मिळते.

ती युक्ती घरीच शिकता येईल. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या काचेला आतून लावायचा, गोल घडी होणारा पडदा असतो ना, तो घ्या. दोन्ही हातांनी त्याची कडी पिळून इंग्रजी आठाचा आकार करा आणि आठाचे दोन भाग एकमेकांवर आणा. आता वेटोळी मोजा. दोन भरतील असे वाटते, पण भरतात तीन! याचे कारण मोठे मजेचे आहे. कड्याची दोन वेटोळी केली तर तारेत एक पीळ शिल्लक राहतो आणि तो कड्याला स्वस्थ बसू देत नाही. तीन वेटोळ्यांत मात्र एक पीळ उजवीकडचा व एक डावीकडचा पडतो आणि दोघे एकमेकांना खोडून काढतात. आरागिरणीतले कामगार पट्टा-करवतीचे बंद पाते असेच तीन वेटोळ्यांत गुंडाळून ठेवतात. या घड्यांचे गणित बेल्जममधील लुवँ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली मांडले, आणि त्यांच्या निबंधाच्या मथळ्यातच घडीच्या तंबूंचा उल्लेख आहे. पडद्यावर हात बसला की तंबूवर बसायला वेळ लागत नाही. फक्त मिटलेले कडे सुटताना जोराने उसळते. तेव्हा तोंड बाजूला ठेवा आणि लहान भावंडांना लांब उभे करा.

चकतीच्या तंबूची दुसरी अडचण मुंबईकरांच्या खास ओळखीची आहे. घडी केलेली ही चकती बहुधा ६५ ते ९० सेंटिमीटर व्यासाची असते. तंबू मोठा तितकी चकतीही मोठी. ती आणखी लहान करता येत नाही. आणि आपल्याकडच्या कित्येक लहान मोटारींच्या डिकीत सीएनजीची टाकी ठाण मांडून बसलेली! दुकानात जाण्यापूर्वी डिकी टेपने मोजून घ्यावी हे बरे.

झटपट तंबूचा दुसरा प्रकार छत्रीच्या जातीचा. याच्या काठ्या कापडाला कायमच्या जोडलेल्या असून माथ्याशी सांधे असतात. पाय पसरायचे, सांधा वर ढकलायचा, 'खट्' असा आवाज आला की काम झाले. एक-दोन मिनिटांचा खेळ. हे तंबू उंच असतात, आत जवळजवळ ताठ उभे राहता येते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आजीची चांगली सोय होते. चकतीच्या तंबूत तिला रांगत शिरावे लागेल. पण याची पिशवी लांबोडकी, मीटर-सव्वा मीटर भरते, आणि सारी भिस्त प्लॅस्टिकच्या सांध्यांवर असते. सांधा तुटला की तंबू बसलाच.

तिसरा प्रकार घुमटाचा. काचतंतूंचे तुकडे रबरी दोरीने ओवलेले असतात. ते जोडून दोन लांब काठ्या करायच्या, कापडाच्या बोगद्यांतून एकमेकींवर फुली होईल अशा घालायच्या आणि वाकवून टोके अडकवायची. हात बसल्यावर दोघांना दहा मिनिटे पुरतात. काठी मोडली तर तुटक्या जागेवर नळीचा तुकडा सरकवून चिकटपट्टी गुंडाळली की सकाळपर्यंत निभावते. मला स्वतःला हा प्रकार आवडतो, कारण तो बिघडला तरी दुरुस्त कसा करायचा ते पाहताक्षणी कळते.

इथपर्यंत उभारणी झाली. आता रात्र पडू द्या.

डिसेंबरातल्या पहाटे अनेकांना एक चमत्कारिक अनुभव येतो. आभाळ निरभ्र, पावसाचा पत्ता नाही, तरी तंबूचे छत आतून ओलेचिंब असते आणि थेंब तोंडावर टपकतात. सारे जण तंबूला दोष देतात: "गळका निघाला!" वास्तविक हे पाणी कोठून आले ते तुम्हांला गणिताने सांगता येईल.

झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून तासाला अंदाजे ३० ग्रॅम पाणी बाष्परूपाने बाहेर पडते. चौघांचे तासाला १२० ग्रॅम. आठ तासांत जवळजवळ एक लिटर! आता तंबूतली हवा मोजू. चौघांच्या तंबूचा तळ साधारण २.४ मीटर लांब व २.१ मीटर रुंद, मधली उंची १.३ मीटर. छत उतरते असल्याने आत सुमारे ४ घनमीटर हवा मावते. १५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा फार तर १३ ग्रॅम बाष्प सामावून घेते. म्हणजे तंबूतल्या सगळ्या हवेची ताकद ५२ ग्रॅमची. ती मुळात अगदी कोरडी आहे असे धरले तरी चौघांचे श्वास तिला अर्ध्या तासाच्या आत संपृक्त करतील! मग उरलेले पाणी कोठे जाणार? हवा खेळती असेल तर बाहेर. नसेल तर कापडावर.

त्यातच कापड हवेपेक्षाही थंड झालेले असते. उघड्यावर उभ्या केलेल्या मोटारीच्या टपावर पहाटे दव दिसते, आणि झाडाखालची मोटार कोरडी असते, हे तुम्ही पाहिले असेल. निरभ्र रात्री उघडा पृष्ठभाग प्रारणाने आपली उष्णता आकाशाकडे घालवितो व दवबिंदूच्याही खाली थंड होतो. तंबूचे छत हेच करते. बाहेरून दव आणि आतून चौघांचे श्वास, असे दुहेरी पाणी त्यावर साचते.

यावर उपाय दोन कापडांचा. आत जाळीची किंवा श्वास घेणाऱ्या कापडाची खोली, आणि तिच्यावर वीतभर अंतर राखून पाणी न शिरणारे पांघरूण. बाष्प जाळीतून आरपार जाते, पांघरुणाच्या आतल्या बाजूवर त्याचे पाणी होते आणि ते उतारावरून खोलीच्या बाहेर ओघळते. शिवाय वरच्या अंगाला झरोका आणि खाली हवा शिरायला फट असली, तर आतली उबदार दमट हवा वरून निघून जाते. स्वस्त झटपट तंबूंपैकी पुष्कळ एकेरी कापडाचे असतात. ते दिवसा समुद्रकाठी सावलीपुरते ठीक. सह्याद्रीतल्या थंड रात्रीसाठी चौघांच्या कुटुंबाने ते घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पावसाचे पाणी. काळी छत्री उन्हात उघडा आणि आतून कापडाकडे निरखून पाहा. विणीतून सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसतील. भोके आहेत, पण पाणी आत येत नाही. पृष्ठताणामुळे पाण्याचा पडदा त्या भोकांवर ताणून बसतो. जुन्या सुती तंबूंत पाऊस पडताना आतून छताला बोट लावू नये असे सांगत, ते याचसाठी. बोटाने पडदा मोडतो आणि तेथून ठिबक सुरू होते. नव्या नायलॉन-पॉलिएस्टरच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो, त्यामुळे ही भीती उरलेली नाही.

या लेपाची परीक्षा करताना कापडावर पाण्याचा उभा स्तंभ चढवीत जातात आणि किती उंचीला थेंब पाझरू लागतात ते मिलिमीटरमध्ये लिहितात. तंबूच्या पट्टीवर '१५०० मिमी' किंवा '२००० मिमी' असे छापलेले असते ते हेच. येथे हमखास घोटाळा होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, हे उपनगरांतल्या घराघरांत ठाऊक आहे. मग १५०० मिलिमीटरचा तंबू त्याहूनही मोठ्या पावसात टिकेल काय? असा हिशेब करणे चूक आहे! पावसाचे मिलिमीटर म्हणजे एकूण पडलेले पाणी. ते छतावरून वाहून जाते. पट्टीवरचे मिलिमीटर म्हणजे दाब. एकक एकच, पण मोजलेल्या गोष्टी निराळ्या.

हा दाब छतापेक्षा तळाशी जास्त भासतो, आणि तो पावसाचा नसून तुमचाच असतो. तुमचे वजन ४० किलोग्रॅम आहे, तुम्ही गुडघ्यांवर बसला आहात आणि दोन्ही गुडघ्यांखाली मिळून २०० चौरस सेंटिमीटर जागा आहे असे धरा. दर चौरस सेंटिमीटरवर ०.२ किलोग्रॅमचा भार आला. १० मीटर उंच पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम असतो. म्हणून तुमच्या गुडघ्यांचा दाब २ मीटर, अर्थात २००० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा झाला! खालची माती ओली असेल तर १५०० मिलिमीटरच्या तळातून पाणी वर येईल. तेव्हा तळाचा आकडा छतापेक्षा मोठा, ३००० च्या आसपास असावा, आणि तळाचे कापड परातीच्या काठासारखे चारी बाजूंनी वीतभर वर वळलेले असावे. शिवणीवर आतून चिकटपट्टी बसविली आहे की नाही तेही बघा. सुईचे प्रत्येक भोक ही पाण्याची वाट असते.

वाऱ्याचा विचार लोक सर्वांत कमी करतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा एका चौरस मीटरवर ठोकळमानाने ६ किलोग्रॅमचा रेटा देतो. तंबूची ३ चौरस मीटरची बाजू वाऱ्याला आडवी असेल तर १८ किलोग्रॅम. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या वावटळीत वेग दुप्पट झाला, की रेटा चौपट, म्हणजे ७२ किलोग्रॅम! रिकामा तंबू सहा-आठ किलोग्रॅमचा. मेखा न ठोकता आपोआप उभा राहणारा तंबू घात करतो तो येथे. उभा दिसतो म्हणून कोणी मेखांची तसदी घेत नाही, आणि पवना धरणाच्या उघड्या काठावर संध्याकाळी वारा सुटला की तोच तंबू पतंग होतो. उंच छत्री-तंबूला हा धोका अधिक.

शिवाय आपली जमीन! सह्याद्रीच्या माथ्यावर बोटभर मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. तंबूबरोबर मिळणाऱ्या तारेच्या नाजूक मेखा पहिल्याच घावाला वाकतात. लोहाराकडून किंवा हार्डवेअरच्या दुकानातून जाड सळईच्या मेखा आणि एक हातोडा घ्या. मेखेचे डोके तंबूपासून बाहेर झुकलेले ठेवून ती तिरकी ठोका. कातळच लागला तर तणावे, म्हणजे ताणाच्या दोऱ्या, मोठ्या दगडांना बांधा. कोकणच्या वाळूत मेख टिकत नाही. तेथे पिशवीत वाळू भरून तिला तणावा बांधावा आणि पिशवी हातभर खोल पुरावी.

गाडीने जाण्याचे दोन मोठे फायदे आहेत. पहिला म्हणजे वजनाची चिंता नाही. पाठीवर ओझे वाहणारा गिर्यारोहक ग्रॅम-ग्रॅम मोजतो. तुम्ही चौघांसाठी खुशाल सहा जणांचा, जाड कापडाचा तंबू घ्या. तंबूवाल्यांच्या हिशेबी एका माणसाला जेमतेम ६० सेंटिमीटर रुंदी मिळते, हे लक्षात ठेवा. दुसरा फायदा जिवाशी संबंधित आहे. विजांच्या वादळात तंबू मुळीच संरक्षण देत नाही. पण धातूच्या टपाची मोटार देते, कारण वीज तिच्या बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत उतरते. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे ३० सेकंदांना वीज १० किलोमीटरवर असते. ३० च्या आत आवाज आला तर सर्वांनी गाडीत बसावे, काचा लावाव्या आणि इंजिन बंद ठेवावे.

थंडी वाजते म्हणून पेटती शेगडी किंवा निखारे तंबूत कधीही घेऊ नका. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातल्या हीमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. निखारे विझत आले म्हणून धोका टळला असे होत नाही. चालू मोटारीचा धूर तंबूकडे येऊ देणे हेही तितकेच घातक.

जागेविषयी थोडेसेच: ओढ्याच्या कोरड्या पात्रात आणि खोलगटात तंबू लावू नये. भंडारदऱ्याभोवतालचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा परवानगी कोठे लागते ते गावात आधी विचारून घ्यावे.

तर बाबांना काय सांगाल? दुहेरी कापडाचा, वर झरोका असलेला, पराती तळाचा घुमट-तंबू. आजी बरोबर असेल आणि डिकीत लांब पिशवी मावत असेल, तर याच गुणांचा छत्री-तंबू. अंधारात किंवा भर पावसात पोचणाऱ्याला दोन मिनिटांची उभारणी खरोखरच उपयोगी पडते, कारण आतली खोली भिजण्यापूर्वी पांघरूण वर चढलेले असते. इतर वेळी दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. गाडीचे दिवे आहेतच.

विकत आणल्यावर सोसायटीच्या चिटणिसांना विचारून एका रविवारी तो गच्चीवर उभारा. (मेखांऐवजी पाण्याने भरलेल्या बादल्यांना दोऱ्या बांधा.) नळीने दहा मिनिटे पाणी मारा आणि आत बसून शिवणी तपासा. मग तो तेथेच पूर्ण वाळू द्या. सहलीहून आल्यावरही हेच करावे लागते, आणि आपल्या दमट हवेत त्याचा कंटाळा महागात पडतो. ओला तंबू पिशवीत कोंबून माळ्यावर टाकला, तर बुरशी येतेच, शिवाय पॉलियुरेथेनच्या लेपाचे पाण्याशी हळूहळू विघटन होते. लेप चिकट होतो, आंबूस वास सुटतो आणि त्याचे पापुद्रे निघू लागतात. कोणाचा जुना तंबू मागून नेणार असाल, तर निघण्याच्या आदल्या आठवड्यात तो उघडून आतून बोट फिरवून पाहा. बोट चिकटले तर त्या तंबूचा आकडा पट्टीवर कितीही असो, त्याला घरीच ठेवा.